पारध्यांकडून पक्षी पकडायला शिकायचंय: सुरुवात कुठून करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा तरुण वाशीम जिल्ह्यातला, प्राणिशास्त्रात एमएस्सी झालेला आणि पीएचडीच्या तयारीत असलेला. गावाजवळ फासेपारध्यांचा बेडा, म्हणजे वस्ती आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांचा तितर-लाव्यांवरचा हात बिनचूक आहे, असं तो लहानपणापासून ऐकत आलाय. त्याला माळावरच्या पक्ष्यांवर काम करायचंय आणि त्यासाठी पक्षी पकडून त्यांच्या पायात कडी घालायची आहेत. तर बाबांना विचारायचं कसं, जाळी कुठून आणायची, शिकायला किती काळ लागेल, आणि जाता जाता, हे कायद्यात बसतं ना?

तुम्ही ज्या क्रमाने विचारलंत त्याच्या उलट्या क्रमाने उत्तर देते, कारण शेवटी टाकलेला प्रश्न खरं तर पहिला आहे.

माझ्याबद्दल एवढंच सांगते, की मी बरीच वर्षं पक्ष्यांच्या रिंगिंगचं, म्हणजे पक्षी पकडून पायात कडं घालून सोडण्याचं काम करते आहे. बहुतेक काम किनाऱ्यावरच्या पाणपक्ष्यांवर, थोडं माळावरच्या छोट्या पक्ष्यांवर, आणि अधूनमधून उंदीर-चिचुंद्र्यांवर. पकडण्याचं काम मी शिकले ते बिहारच्या एका मीरशिकार, म्हणजे पिढीजात पक्षी पकडणाऱ्या चाचांकडून. पुस्तकं आणि कार्यशाळा नंतर आल्या. बिबट्याचे पिंजरे, रानडुकरांचे सापळे, हरणांना बेशुद्ध करणं हे माझं क्षेत्र नाही, त्यावर मी काही बोलणार नाही.

आता कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या ठार मारण्यापुरती नाही. पकडणं, फास लावणं, जाळ्यात अडकवणं, एवढंच काय, तसा प्रयत्न करणंही शिकारच. ‘आम्ही लगेच सोडून देणार होतो’ हा बचाव चालत नाही. रिकामं जाळं लावून झुडपामागे बसलात तरी तो प्रयत्न धरला जाऊ शकतो. शिक्षण आणि शास्त्रीय संशोधनासाठी कलम 12 खाली परवाना मिळतो. तो राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देतात, त्याला शासनाची पूर्वपरवानगी लागते, आणि काही कामांसाठी फाइल केंद्राकडेही जाते. माळढोक आणि तणमोर हे माळावरचे दुर्मिळ पक्षी अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला 3 ते 7 वर्षांची कैद आहे. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूच्यांची रचना बदलली आणि दंडही वाढले, त्यामुळे इंटरनेटवरच्या जुन्या याद्या बघून ‘हा पक्षी तर साधा आहे’ असं ठरवू नका. एकट्या विद्यार्थ्याच्या नावाने असा परवाना निघणं अवघडच असतं. विद्यापीठ किंवा संशोधन संस्था, मार्गदर्शक, प्रकल्पाचा आराखडा, कोणत्या जातीचे किती पक्षी, कोणत्या पद्धतीने, कुठे, कधी, हे सगळं अर्जात जातं. महिने लागतात. किती, ते जिल्हा, जात, हंगाम आणि तुमच्या संस्थेची वनखात्याशी असलेली ओळख यांवर आहे.

हे सगळं तुमच्यासाठी कटकटीचं आहे, पण धोक्याचं आहे ते बाबांसाठी, आणि तुमच्या प्रश्नात मला हाच मुद्दा कुठे दिसला नाही.

समजा तुम्ही बाबांना म्हणालात, ‘एकदाच दाखवा ना, सराव म्हणून.’ बाबांनी माळावर फासे मांडले. तेवढ्यात बीटचा वनरक्षक आला किंवा शेजारच्या शेतकऱ्याने फोन केला. तुमच्या खिशात कॉलेजचं ओळखपत्र आहे, तुमचे सर फोन करतील, फार तर समज देऊन सोडतील. बाबा पारधी आहेत आणि त्यांच्या पिशवीत फासे आहेत. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने या समाजांवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला, तो कागदावरून 31 ऑगस्ट 1952 ला गेला. ठाण्यातल्या नजरेतून अजून गेलेला नाही. आसपास कुठे काही चोरीला गेलं की पहिली झडती बेड्यावर होते, हे तुम्हाला तुमच्याच तालुक्यात दिसत असेल. म्हणून परवाना हातात येईपर्यंत बाबांना फासा मांडायला सांगायचं नाही. गंमत म्हणून नाही, घराच्या अंगणात नाही, मोबाइलवर चित्रण करायला तर अजिबात नाही. त्या चित्रफितीत तुमचा आवाज असेल, चेहरा त्यांचा असेल.

परवाना निघेल तेव्हा त्यावर बाबांचं नाव असलं पाहिजे. ‘संशोधक आणि सहायक’ एवढं मोघम लिहून घेऊ नका. पूर्ण नाव, गाव, ‘पारंपरिक पक्षी पकडतज्ज्ञ’ असा हुद्दा. अर्जातच तसं लिहायचं. परवान्याची प्रत त्यांच्याकडे राहील, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे जाईल आणि ठाण्यातही एक देऊन पोच घ्यायची. काम सुरू होण्याआधी बाबांना बरोबर घेऊन वनपाल आणि वनरक्षकांना भेटून या. चहा होतो, ओळख होते. नंतर त्यांची गाठ माळावर पडली तरी पळापळ होत नाही.

पैशांचंही आत्ताच बोलून घेऊ. बहुतेक प्रकल्पांत अशा माणसाला ‘फील्ड असिस्टंट’ म्हणून रोजंदारी मिळते, आणि तंबू लावणाऱ्या मुलालाही तेवढीच. जे ज्ञान घ्यायला तुम्ही तिथे जाताय त्याचा हा भाव नव्हे. अंदाजपत्रकात प्रशिक्षकाचं मानधन असा वेगळा रकाना करा. मार्गदर्शक कुरकुर करतील, तरी करा. त्यातून पक्षी पकडला न गेलेल्या दिवसाचेही तेवढेच पैसे द्यायचे. हे मी तत्त्व म्हणून सांगत नाही, यात तुमचा स्वार्थ आहे. पक्ष्यामागे पैसे दिलेत तर वारा वाढला, ऊन चढलं तरी जाळं उतरवायला कोणी राजी होणार नाही.

मार्गदर्शकांना हे पटवताना ‘पारध्यांकडून कसलं शास्त्र शिकणार’ असं ऐकावं लागलंच, तर थोडा इतिहास हाताशी ठेवा. भारतातलं पक्षी-रिंगिंग मुळात अशाच लोकांच्या हातांवर उभं राहिलंय. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसांनाही ताप येऊ लागला. विषाणू गोचिडांतून पसरणारा आणि रशियातल्या एका विषाणूशी साधर्म्य असलेला निघाला. तो स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून आला असेल का, अशी शंका निघाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) सलीम अलींच्या नेतृत्वाखाली मोठ्या प्रमाणावर पक्षी पकडून कडी घालायला सुरुवात केली. कच्छ, भरतपूर, पुढे तमिळनाडूतलं पॉइंट कॅलिमेर. एवढे पक्षी जिवंत आणि धडधाकट पकडणार कोण? त्यासाठी बिहारचे मीरशिकार आले, पिढ्यान्‌पिढ्या पक्षी पकडून विकणाऱ्या घराण्यांतले. त्यांतल्या अली हुसेन यांचं नाव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. ‘इन्फॉर्म बॉम्बे नॅट. हिस्ट. सोसायटी’ असं कोरलेली कडी घेऊन सैबेरियापर्यंत गेलेल्या पक्ष्यांपैकी कितीतरी पक्षी आधी अशा उस्तादांच्या हातांतून गेलेले आहेत.

शिकारी पक्षी पकडायला आज युरोप-अमेरिकेतले संशोधक जो ‘बालछत्री’ नावाचा सापळा सर्रास वापरतात, तो मूळचा आपल्याकडच्या पकडणाऱ्यांचा. तमिळनाडूच्या इरुळ आदिवासींचं उदाहरण तर ताजं आहे. 1978 मध्ये मद्रासजवळ त्यांची साप पकडून विष काढणारी सहकारी संस्था उभी राहिली. 2017 मध्ये माशी सदाइयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना फ्लोरिडात अजगर शोधायला बोलावलं गेलं, त्यांनी काही आठवड्यांत दोन डझनांहून जास्त अजगर काढून दिले, आणि 2023 मध्ये दोघांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्याच भागात अकोला-वाशीमच्या माळांवर फासेपारध्यांच्या माहितीवर आणि सहभागावर तणमोर आणि गवताळ माळ राखण्याचं काम ‘संवेदना’ ही संस्था करत आलीय. बाबांकडे जाण्याआधी त्यांना भेटा. बेड्याशी असलेला विश्वास त्यांनी कमावलाय. तुम्ही परस्पर शिरलात तर तो बिघडूही शकतो.

आता शिकायचं काय, याकडे येते. तुमच्या पत्रात जाळ्याची लांबी, घर, दोरा, किंमत याबद्दल बरंच आहे. सामान हा यातला सगळ्यात सोपा भाग. जाळं कोणीही ताणतं. जाळं कुठे आणि कधी, आणि आज लावायचंच की नाही, हे उस्तादाकडून शिकायचं असतं.

चाचांसोबतचा एक प्रसंग सांगते, म्हणजे कळेल. ओहोटी लागलेली, चिखलाचा पट्टा हळूहळू उघडा पडत होता. टिलवे, चिखले, तुतवार यांचे थवे लांबच्या बांधावर बसलेले. मला वाटलं, पक्षी तिकडे आहेत तर फासे तिकडे लावू. चाचा तिकडे बघतही नव्हते. ते चिखलावर वाकून जात होते. पाण्याने नुकत्या सोडलेल्या चिखलात पायांच्या ठशांच्या रांगा होत्या, त्यांतल्या ओल्या कडांच्या ताज्या, सुकून गोल झालेल्या आदल्या ओहोटीच्या. ठशांच्या बाजूला चोचीची बारीक भोकं. एका जागी ठसे दाट आणि भोकंही दाट, दुसऱ्या जागी ठसे भरपूर पण भोकं नाहीत. ‘यहाँ खाता है, वहाँ सिर्फ चलता है,’ चाचा म्हणाले. फासे त्यांनी चालायच्या जागी लावले. मी विचारलं का, तर म्हणाले, खाताना पक्षी दर पावलाला खाली बघतो, चालताना समोर बघतो.

मग मांडणी. बांबूच्या बोटभर काड्या, प्रत्येकीला नायलॉनच्या बारीक तंतूचा फास, सगळ्या एका दोरीला ओवलेल्या, दोरीची दोन्ही टोकं चिखलात खोल खुंटी मारून पक्की. फास इतके उभे राहिले पाहिजेत की पाऊल आत जाईल, आणि इतके सैल की पाय ओढला तर तंतू कातडीत रुतणार नाही. दोरी पाण्याच्या रेषेला समांतर नव्हती, थोडी तिरकी होती, कारण पाणी सरकेल तसा पक्षी सरकतो आणि समांतर दोरी तो एका फटक्यात ओलांडून जातो. वारा पाठीवर घेऊन पक्षी सहसा उतरत नाही, म्हणून उतरण्याची जागा दोरीच्या वाऱ्याकडच्या बाजूला पडू नये, हाही हिशोब. एवढं सगळं मांडून आम्ही आडोशाला बसलो. थवा उठला, चिखलाकडे वळला, आणि चाचा उठून दोरी गुंडाळायला लागले. वर घार आली होती. फासात अडकलेला पक्षी फडफडला की घार पहिली पोचते, आपण नंतर. त्या ओहोटीला आम्ही एकही पक्षी पकडला नाही आणि चाचांच्या लेखी काम व्यवस्थित झालं होतं.

तुमच्या बाबांकडेही हेच असणार, माळाच्या भाषेत. तितर सकाळी कुठल्या बांधावर ओरडतो, एकाने ‘कतीतर कतीतर’ केलं की उत्तर कुठून येतं, म्हणजे हद्द कुठे संपते. धुळीत अंग घोळल्याचे खळगे, विष्ठा आजची की कालची, गवत कुठे नुसतं वाकलंय आणि कुठे वाटच पडलीय. तणमोराचा नर पावसाळ्यात गवतातून वर उडी मारतो, दिवसाला शेकडो वेळा, आणि जवळपास त्याच त्या जागेवरून. ती जागा गवत वाढण्याआधी ओळखणारी माणसं बेड्यावर सापडतात. हे सगळं शिकायला फासा लागत नाही. परवान्याची वाट बघण्याचे महिने म्हणूनच फुकट जात नाहीत. तेवढ्यात एक आख्खा हंगाम बाबांच्या मागे नुसतं चाला. संरक्षित क्षेत्र असेल तर प्रवेशाची परवानगी मात्र त्यालाही लागते.

विचारायचं कसं, तर ‘मला पकडायला शिकवा’ असं नाही. त्यांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा? गेल्या काही वर्षांत खबरी होऊन आलेली माणसंही अशीच गोड बोलत आली असतील. बेड्यावर एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर जा, दिवसाउजेडी जा, काय करताय ते सांगा. कागद येईपर्यंत पकडायचं नाही हे तुम्हीच आधी सांगा. त्याने त्यांचा अर्धा ताण जातो. त्यांच्या घरच्या बायकांशीही बोला. लाव्याची घरटी, अंडी, कुठलं गवत कधी येतं, हे मला अनेकदा त्यांच्याकडूनच जास्त कळलंय. आणि गप्पांत कोणी जुन्या शिकारीची गोष्ट सांगितली तर वहीत नावासकट लिहून ठेवू नका. तुमची वही उद्या कोणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

इथवरचं पुन्हा एकदा: आधी संस्था आणि परवाना, परवान्यावर बाबांचं नाव, पैसे दिवसाचे, आणि कागद येईपर्यंत फक्त वाचन, म्हणजे माळाचं.

पुढचा भाग हाताचा. इथे पारंपरिक उस्ताद पुरेसा नाही, हे स्पष्ट सांगते. चाचांच्या घराण्याने पक्षी पकडला तो बाजारासाठी. आपण पकडतो तो अर्ध्या तासाच्या आत पुन्हा उडून जावा आणि पुढे महिनोन्‌महिने जगावा म्हणून. कौशल्य बरंचसं एकच आहे, उद्देश वेगळा, त्यामुळे काही गोष्टी उस्तादांकडून घ्यायच्या नाहीत. वड-पिंपळाच्या चिकाचा गोंद लावून पक्षी चिकटवण्याची पद्धत कितीही हुशारीची असली तरी पिसांची वाट लावते. पापण्या शिवलेला आमिषाचा पक्षी तर बघवतही नाही. चाचांनी या दोन्ही गोष्टी मला कधी दाखवल्या नाहीत, मीही मागितल्या नाहीत. उलट काही बाबतींत उस्तादच आपल्यापेक्षा हळुवार असतात. बाजारात पिसं झडलेल्या पक्ष्याला गिऱ्हाईक नसायचं, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या हात हलका होत गेलेला आहे.

छोट्या पक्ष्यांसाठी तुम्ही मिस्ट नेट वापराल. मूळ जपानी शिकाऱ्यांचं जाळं, दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभरच्या पक्षी अभ्यासकांच्या हातात आलं. काळा बारीक धागा, आडव्या दोऱ्यांवर चार-पाच सैल झोळ्या. पक्षी आदळतो आणि झोळीत पडतो. वटवट्या, शिंपी, चष्मेवाला अशांना 16 मिलिमीटरच्या आसपासचं घर, साळुंकीएवढ्यांना मोठं. संशोधनाची जाळी संस्थेमार्फत, परवाना दाखवूनच घ्या. ऑनलाइन दिसतात म्हणून मागवू नका. परवान्याशिवाय घरात सापडलेलं जाळं तुम्हाला कोणालाही पटवून सांगता येणार नाही.

पहाटे फटफटायच्या आत जाळं उघडायचं, ऊन चढलं की मिटायचं. पाऊस आणि जोराचा वारा असेल तर उघडायचंच नाही. दर वीस मिनिटांनी फेरी, उन्हाळ्यात त्याहून लवकर. खालची झोळी गवताला टेकू द्यायची नाही, मुंग्या लागतात, आणि मुंग्या लागलेला पक्षी एकदा बघितलात की ही सूचना पुन्हा द्यावी लागत नाही. मुंगूस आणि शिक्रा यांना जाळ्याची जागा दोन दिवसांत कळते. तसं झालं की जागा बदला. संध्याकाळी वेळेवर मिटलं नाही तर वटवाघळं अडकतात, आणि ती सोडवणं हे वेगळंच शिक्षण आहे.

पक्षी सोडवताना पहिला प्रश्न एकच: हा आला कुठल्या बाजूने? समजा बुलबुल आहे. झोळीत उलटा लटकलाय, पायाच्या मुठीत धागा घट्ट धरलेला, एक पंख दोन घरांतून आरपार. नवीन माणूस डोक्याकडून ओढायला जातो आणि गुंता दुप्पट करतो. आधी झोळीचं तोंड शोधायचं, ज्या बाजूने आत गेला त्याच बाजूला उभं राहायचं. पोटाकडचं अंग मोकळं दिसलं पाहिजे. मग पाय: घोटा किंचित सरळ केला की मूठ आपोआप सैल होते, धागा बोटांवरून मागे सरकवायचा. मग पंख, सांध्याजवळून, टोकाकडून कधीच नाही. डोकं शेवटी. जिभेमागे धागा अडकलाय का ते बघायचं. बुलबुल चावतो आणि ओरडतो, त्याकडे लक्ष द्यायचं नाही. हातात आल्यावर त्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, पाठ तळहाताला, बाकीची बोटं पिंजऱ्यासारखी सैल. छातीवर दाब नको. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छाती हलली नाही तर श्वासच बंद. माणूस घाबरला की मूठ आवळतो, म्हणूनच पहिले काही पक्षी जाणत्या माणसाने हातात दिलेले असावेत, जाळ्यातून स्वतः काढलेले नव्हेत.

सोडवणं एक-दोन मिनिटांत होत नसेल तर हाक मारायची. त्यात कमीपणा नाही. गुंता हाताबाहेर गेला तर धागा कापायचा, जाळं पुन्हा विणता येतं. पक्ष्याने चोच उघडी ठेवून धाप टाकली, डोळे मिटायला लागला, पिसं फुगवून बसला, तर माप नाही, वजन नाही, फोटो तर नाहीच, लगेच सावलीत सोडायचा. छोटे खंड्या पक्षी या बाबतीत फार नाजूक. लांब पायांचे पक्षी, म्हणजे करकोचे, रोहित (फ्लेमिंगो), मोठे किनारपक्षी, यांचा धोका वेगळा आहे: जास्त धडपड झाली किंवा पाय दुमडून फार वेळ राहिले तर स्नायूच निकामी होतात आणि सोडल्यावर पक्षी उभा राहू शकत नाही. ठाण्याच्या खाडीत 2022 मध्ये सहा रोहितांना मागोवा यंत्रं बसवली गेली. असं काम अनुभवी चमूच करतो, शिकाऊ माणसाने त्यात फक्त पिशव्या धराव्यात. यंत्राचं वजन पक्ष्याच्या वजनाच्या 3 ते 5 टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचं नाही, हा सगळीकडे पाळला जाणारा दंडक.

किती पक्षी दगावतात, हा प्रश्न तुम्हाला परवान्याच्या वेळी विचारला जाईल. अमेरिका आणि कॅनडातल्या रिंगिंग संस्थांच्या नोंदी एकत्र करून 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इजा होण्याचं प्रमाण 0.59 टक्के आणि मृत्यूचं 0.23 टक्के निघालं, म्हणजे हजारामागे दोन-तीन. पण हे प्रशिक्षित केंद्रांचे आकडे आहेत, तुमच्या पहिल्या हंगामाचे नाहीत. इजा झालेला प्रत्येक पक्षी नोंदवा, लपवू नका. एकाच जातीत किंवा एकाच जाळ्यात इजा पुन्हा दिसली तर काम थांबवून कारण शोधा.

हे हाताचं शिक्षण कुठे मिळेल? बीएनएचएस रिंगिंगचं प्रशिक्षण देते, किनाऱ्यावरची त्यांची शिबिरं हिवाळ्यात असतात. तिथे पक्षी भरपूर आणि डोक्यावर जाणती माणसं. माळावर एकट्याने दहा पक्ष्यांवर शिकण्यापेक्षा अशा शिबिरात शिकणं पक्ष्यांच्याही सोयीचं. जमलं तर बाबांना बरोबर न्या. मी एका पारधी मामांना असं किनाऱ्यावर नेलं होतं. समुद्र त्यांनी पहिल्यांदा बघितला, पण दुसऱ्या दिवशी ते आणि चाचा फासाच्या गाठीवरून तावातावाने वाद घालत होते, एक पारधी बोलीत, एक भोजपुरी वळणाच्या हिंदीत, आणि दोघांना सगळं कळत होतं. गाठ शेवटी मामांची वापरली गेली.

आणखी एक गोष्ट विचारते, रागावू नका. तुमच्या प्रश्नाला पक्षी पकडण्याची खरंच गरज आहे का? कुठल्या माळावर किती तितर, गवत कापल्यावर संख्या घटते का, तणमोर कुठे येतो, यांसाठी मोजणी, हाकांचं ध्वनिमुद्रण, कॅमेरा ट्रॅप आणि बाबांचे डोळे पुरतात. तोच पक्षी पुढच्या वर्षी परत येतो का, तो किती जगतो, कुठून कुठे जातो, अंगावर कुठले गोचीड आहेत, हे विचारायचं असेल तर हातात घ्यावाच लागतो. तुमच्या आराखड्यात यांतला कुठला प्रश्न आहे ते एका वाक्यात लिहून बघा. पहिल्या प्रकारचा निघाला तर अर्ज, जाळी, पैसा सगळं वाचेल आणि बाबांचा उपयोग तरीही तेवढाच होईल. तणमोर किंवा माळढोक पकडण्याचा विचार मात्र डोक्यातून काढा. ते इतके थोडे उरलेत, की शिकणाऱ्याने त्यांच्यापासून लांबच राहावं.

किती काळ लागेल? सामान्य पक्षी जाळ्यातून न दुखवता सोडवणं, योग्य मापाचं कडं घालणं, नोंद करणं, हे चांगल्या देखरेखीखाली एक-दोन हंगामांत येतं. हात कोणाचा कसा आहे यावर थोडं पुढेमागे होईल. जागा वाचणं हे किती मुरतं ते तुम्ही बाबांसोबत किती चालता यावर आहे, आणि बाबांचे गुडघे किती साथ देतात यावरही. म्हणून अर्ज आत्ता, उन्हाळ्यात टाका. पावसाळ्यात गवत उठेल तेव्हा बाबांच्या मागे फिरून घ्या, आणि हिवाळ्यात शिबिराला जा. अर्जाचा मसुदा तयार झाला की पाठवा. पकडण्याच्या पद्धतीचा परिच्छेद आणि कर्मचाऱ्यांची यादी मी बघून देईन, कारण अर्ज परत येतात ते बहुतेकदा त्याच दोन जागांवरून.